कच्च्या वाटेवर पंक्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजमाचीचा रस्ता, साम्रदकडची वाट, आणि जमलं तर एखाद्या वर्षी स्पीती किंवा लडाख. आमच्याबरोबर गाडी काढणाऱ्या मंडळींचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. बाइक आणि जीप दोन्ही धरून. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर इथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. कच्च्यावर गाडी तशीही हलतेच. पंक्चर झालंय हे कळायचं कसं?

पुढचं चाक बसलं की हँडल जड होतं आणि वळणावर गाडी आत पडते. मागचं बसलं की शेपूट डुलायला लागते. सुट्या खडीवर हे फार उशिरा लक्षात येतं. जीप एका बाजूला ओढते, आणि काच खाली असेल तर रबर आपटल्याचा आवाज येतो. शंका आली की थांबून गेज लावा. नॉबी, म्हणजे मोठ्या गुठळ्यांच्या टायरची कड (बाजूची भिंत) जाड असते, तो १०-१२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इतक्या कमी हवेवरही बघायला फुगलेलाच दिसतो. लाथ मारून हवा तपासणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका.

२. कळल्यावर पहिलं काय करायचं?

ॲक्सिलरेटर हळू सोडा आणि बसलेल्या चाकाचा ब्रेक दाबू नका. मग जागा निवडा: सपाट, कडक जमीन, वळणाच्या पलीकडे. पावसाळ्यात सुटलेल्या दरडीखाली किंवा ओढ्याच्या पात्रात काम काढू नका. सपाट जागेसाठी चाक वीस-तीस मीटर तसंच ढकलावं लागलं तरी चालेल. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर लगेच उपटू नका. बरेचदा खिळाच भोक बुजवून बसलेला असतो आणि हवा भरून पुढचं गाव गाठता येतं. ट्यूबच्या चाकाला हा हिशोब लागू नाही: तिथे आत राहिलेला खिळा प्रत्येक फेऱ्याला नवं भोक पाडतो.

३. माझ्या टायरवर ट्यूबलेस लिहिलंय. मग ट्यूब कशाला?

टायरवर काय लिहिलंय यापेक्षा रिम कोणती आहे ते बघा. साध्या स्पोकच्या रिममध्ये स्पोकच्या भोकांतून हवा निघून जाते, त्यामुळे वर ट्यूबलेस टायर असला तरी आत ट्यूब असतेच. एक्सपल्स आणि जुनी ४११ सीसीची हिमालयन या बाइक ट्यूबवाल्या. हिमालयन ४५० आधी ट्यूबवर आली, नंतर तिला ट्यूबलेस स्पोक रिमचा पर्याय मिळाला. तेव्हा नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. व्हॉल्व बघा: बुडाशी चपटा नट असलेला, थोडा हलणारा धातूचा दांडा दिसला तर बहुधा आत ट्यूब आहे. ट्यूबलेसला व्हॉल्व रिममध्ये घट्ट बसवलेला असतो.

४. सोबत नक्की काय न्यायचं?

पॅच आणि सोल्युशन सगळ्यांकडे असतं. अडतं ते दोन गोष्टींवर: चाक काढायचा पाना आणि हवा. गाडीबरोबर आलेल्या टूलकिटमध्ये मागच्या ॲक्सलला बसेल असा पाना आहे का, आणि असला तर त्याने नट खरंच सुटतो का, हे घरी बघा. सर्व्हिसिंगला न्यूमॅटिक गनने आवळलेला नट हातभर पान्याने हलत नाही. गॅरेजमधून गाडी आणल्यावर तो एकदा सोडून हाताने आवळून ठेवायचा.

ट्यूबवाल्या बाइकसाठी एक नवी ट्यूब, दोन-तीन टामी (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), पॅच, खरखरीत कागद, व्हॉल्वची पिन काढायचा छोटा पाना आणि पंप. ट्यूबलेससाठी आरी, सुई, पट्ट्या, पंप. सोल्युशनची ट्यूब न उघडलेलीच न्या. एकदा टोचलेली ट्यूब झाकण लावलं तरी काही महिन्यांत आतून कडक होते, आणि हे कळतं ते नेमकं रानात.

५. ट्यूबलेसचं पंक्चर वाटेत काढता येतं का?

भोक टायरच्या चालीवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल तर दहा मिनिटांचं काम, चाक काढायचीही गरज नाही. खिळा ज्या कोनात गेलाय तो बघून ठेवा, मग उपटा. आरी त्याच कोनात घाला आणि चार-पाच वेळा वर-खाली करून भोक साफ करा. इथे लोक कचरतात. तारा असलेल्या रेडियल टायरला जोर लावावाच लागतो. पट्टी सुईत मधोमध ओवा, थोडं सोल्युशन लावा, दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई झटक्यात बाहेर ओढा. टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. थुंकी लावून बुडबुडे बघा. एका पट्टीने नाही भागलं तर शेजारी दुसरी घाला. कडेला भोक असेल तर प्रश्न १५.

६. आणि ट्यूबचं?

हे शिकायला वेळ लागतो, म्हणून सविस्तर.

चाक काढायच्या आधी चेनच्या दोन्ही ॲडजस्टरच्या खुणा मोबाइलवर फोटोत घ्या. चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड बाहेर येऊन चिकटतात. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. डिस्क वरच्या बाजूला ठेवून चाक आडवं टाका. व्हॉल्वसमोर टायरवर एक ओरखडा काढा. नंतर ट्यूबचं भोक व्हॉल्वपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरमध्ये त्याच जागी काटा शोधता येतो. ओरखडा विसरलात तर सगळा टायर चाचपत बसावं लागतं.

पिन काढून हवा सोडा, दोन्ही बाजूंनी कड (इथे कड म्हणजे टायरचा रिममध्ये बसणारा काठ) सुटी करा. आता मुख्य गोष्ट. रिमच्या मध्यभागी एक खोलगट पन्हळ असते. टामी जिथे घालणार त्याच्या बरोब्बर समोरची कड गुडघ्याने त्या पन्हळीत दाबून धरायची. तेवढ्याने टामीकडे ढिलाई मिळते आणि कड सहज वर येते. टामीला अंगातली सगळी ताकद लागत असेल तर कड पन्हळीत गेलेली नाही. थांबा, परत दाबा. टामी वाकवल्या जातात त्या इथेच.

ट्यूब बाहेर काढून दुप्पट फुगवा आणि ओठांजवळून फिरवा. गार फुंकर लागते. जवळ ओढा असला तर सोपंच. भोकाभोवती पॅचपेक्षा मोठी जागा कागदाने घासा, आणि ट्यूबवरची साच्याची शिवण तिथून जात असेल तर ती सपाट करा, नाहीतर शिवणीच्या कडेने हवा निघत राहते. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. त्याची ओली चमक पूर्ण गेली पाहिजे, बोटाची मागची बाजू लावली तर चिकटू नये. पुण्यात पाच मिनिटं, काझाच्या थंडीत त्याच्या दुप्पट. ओल्यावर चिकटवलेला पॅच दहा किलोमीटरवर सुटतो. चिकटवल्यावर टामीच्या पाठीने मधून बाहेर दाबत न्या.

मग टायरच्या आतून हात. बाभळीचा काटा बाहेरून मोडून रबराशी समपातळीत बसलेला असतो आणि आतलं टोक टायर दुमडल्याशिवाय वर येत नाही. फडकं आतून फिरवलं की धागा अडकतो, तिथे तो असतो. एक सापडला म्हणून थांबू नका. वेड्या बाभळीच्या बेटातून आलात तर दोन-तीन तरी असतात.

बसवताना ट्यूबला गोल धरेल इतकीच हवा द्या. कड व्हॉल्वच्या समोरून बसवायला सुरुवात करून व्हॉल्वपाशी संपवा, कारण तिथे दांडा मध्ये येतो आणि कड पन्हळीत जात नाही. शेवटच्या वितीला व्हॉल्व आत ढकलून ट्यूब कडेखाली अडकली नाही ना ते बघा.

७. टायर रिमला चिकटून बसलाय, सुटतच नाही.

दुसऱ्या बाइकचं साइड स्टँड कडेच्या अगदी रिमलगत टेकवा आणि ती बाइक त्यावर हळूहळू झुकवा. एकाने बाइक धरायची, दुसऱ्याने चाक. जीपचं चाक असेल तर ते बंपरखाली ठेवून त्याच्या कडेवर जॅक टेकवा आणि गाडीच्याच वजनाने दाबा. साबणाचं पाणी असेल तर आधी ओता. पहारीने ठोकाठोकी केली तर ॲलॉयला तडा जातो.

८. गाडीला सेंटर स्टँड नाही. चाक उचलायचं कसं?

साइड स्टँडवर गाडी कलती करून दुसऱ्या बाजूला स्विंग आर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) मजबूत काठी किंवा दगड लावायचा. मागचं चाक दोन-तीन इंच उचललं तरी पुरतं. पुढचं काढताना इंजिनखालच्या प्लेटला चपट्या दगडांचा आधार द्यायचा. मागचं काढत असाल तर पुढचा ब्रेक रबरबँडने बांधून ठेवा, म्हणजे गाडी पुढे घरंगळत नाही. सोबती असेल तर बाइक गवतावर सरळ आडवी करून काम केलेलंही चालतं, फक्त पेट्रोल कुठून गळतंय का बघा.

९. नवी ट्यूब टाकली आणि अर्ध्या तासात परत बसली. ट्यूब खराब का?

ट्यूब खराब निघणं विरळा. जुनी आणि नवी ट्यूब शेजारी ठेवून भोकं बघा. दोन्हींची जागा एकच असेल तर काटा आत आहे. रिमकडच्या बाजूला भोक असेल तर स्पोकच्या टोकावरची रबरी पट्टी सरकलीय. एकमेकांसमोर दोन चिरा असतील तर हवा कमी असताना दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चेपलीय, त्याला प्रश्न १० बघा. टामीनेही अशीच चिमटी बसते, पण ती रिमच्या अगदी कडेला आणि तिरकी असते. व्हॉल्वच्या बुडाशी फाटली असेल तर टायर रिमवर फिरून ट्यूबला ओढत होता. अशी ट्यूब पॅचने दुरुस्त होत नाही. म्हणूनच व्हॉल्वचा नट रिमवर आवळायचा नाही, वर टोपीला टेकवून ठेवायचा: दांडा तिरका झाला की लगेच दिसतं.

१०. कच्च्यावर हवा किती कमी करायची?

गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा डांबरासाठी. ट्यूबवाली बाइक सह्याद्रीच्या दगडांत २० ते २२ पीएसआयवर ठीक चालते, १८ च्या खाली मी कुणाला सांगत नाही. ट्यूबलेस जीप कातळावर आणि चिखलात २२-२४ वर, वाळूत १५ ते १८ वर. वाळू म्हणजे नुब्रा किंवा राजस्थान. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर गाडी घालणं विसरा, गोव्यात तर थेट बंदी आहे. आणि परत डांबराला लागायच्या आधी हवा भरायची सोय नसेल तर मुळात कमी करू नका. कमी हवेवर ८०ने गेलेला टायर आतून भाजून निघतो.

११. पुढे २१ इंची, मागे १७ किंवा १८. दोन ट्यूब न्याव्या लागतील?

जागा कमी असेल तर फक्त २१ची न्या. ती मागच्या चाकात घडी पडू न देता बसवता येते आणि हळू चालवत गावापर्यंत पोचवते. मागची जाड ट्यूब पुढे ताणून बसवणं मात्र टाळा. २१ची ट्यूब खेडेगावच्या पंक्चरवाल्याकडे सहसा नसतेच, १७ आणि १८ची मिळून जाते. तिथे पोचल्यावर योग्य मापाची टाकून घ्या.

१२. सीलंट टाकून ठेवलं तर हे सगळं टळेल का?

काट्यांच्या मुलखात उपयोग होतो, हे खरं. टायरच्या चालीवरची बारीक भोकं ते बुजवतं. कडेची चीर, दगडाची चेप, फाटलेला व्हॉल्व यांपुढे त्याचं काही चालत नाही. आणि नंतर पॅच लावायची वेळ आली की ट्यूबभर चिकट पाणी, त्यावर सोल्युशन धरत नाही. माझं मत: ट्यूबलेसमध्ये टाका, ट्यूबमध्ये नको.

१३. पंप, छोटा कॉम्प्रेसर की गॅसच्या नळ्या?

गॅसच्या १६ ग्रॅमच्या नळ्या सायकलसाठी बऱ्या. बाइकच्या मागच्या चाकाला एक पुरत नाही आणि संपल्या की संपल्या. विमानातही नेऊ देत नाहीत. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सर्वांत सोयीचा, पण तो इंजिन चालू ठेवून थेट बॅटरीला लावा, जीपच्या लायटरच्या सॉकेटला लावला तर फ्यूज उडू शकतो. चार हजार मीटरच्या वर हवाच विरळ, त्यामुळे कॉम्प्रेसर बराच वेळ घेतो आणि तापतो. मध्ये थांबवत भरा. या सगळ्यावर कडी म्हणजे पायाने मारायचा साधा पंप. घाम काढतो, पण कधी बंद पडत नाही.

१४. थारची स्टेपनी बदलायची आहे आणि जमीन उताराची किंवा मऊ आहे. जॅक घसरतोय.

शक्य तितकी सपाट जागा गाठा. हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, ट्रान्सफर केस (दोन की चार चाकांना ताकद द्यायची ते ठरवणारा गिअर) ४एलमध्ये, म्हणजे चारही चाकांवर (न्यूट्रलमध्ये गेली तर गिअरचा काही उपयोग नाही), आणि उरलेल्या चाकांना दगडांची उटी. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. जॅकखाली फळी हवीच. चिखलात ती नसेल तर पायपुसणीखाली चपटे दगड रचा. मागचं चाक असेल तर जॅक चासीखाली न लावता ॲक्सलखाली लावा. २०२०च्या थारला मागे सलग ॲक्सल आहे, चासी उचलली तर सस्पेन्शन खाली लोंबत राहतं आणि छोट्या जॅकची उंची संपते तरी चाक सुटत नाही. पुढे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, तिथे पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा: जॅक घसरला तर गाडी त्यावर बसेल, तुमच्यावर नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटरवर पुन्हा एकदा.

मागच्या दारावर लटकलेली स्टेपनी उन्हात वाळत असते. तिच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा: ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. आणि निघताना तिच्यातली हवाही तपासा.

स्टेपनी वेगळ्या मापाची असेल, किंवा बाकीचे टायर बरेच झिजलेले असतील, तर ती पुढे लावा आणि डांबरावर २एच मध्येच (फक्त मागच्या चाकांना ताकद) चालवा. मागचं चाक बसलं असेल तर पुढचं काढून मागे आणि स्टेपनी पुढे. दुप्पट काम आहे, पण मागचा डिफरन्शियल वाचतो.

१५. टायरची कड फाटली. पट्टी राहत नाही.

कडेवर पट्टीचं काम नाही, कड सतत दुमडते. बोटभर चीर असेल तर टायर उघडून आतून जुन्या टायरचा किंवा जाड प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा लावा, त्याच्या कडा घासून बोथट करा, आणि आत ट्यूब घाला. ट्यूबलेस गाडीवाल्यांनी लांबच्या दौऱ्याला मापाची एक ट्यूब न्यायची ती याचसाठी. ट्यूब घालताना रिमचा व्हॉल्व कापून काढावा लागतो. तीस-चाळीसच्या वर जाऊ नका, पुढचं चाक असेल तर त्याहून कमी. तो टायर पुढच्या शहरात टाकूनच द्यायचा.

१६. पंक्चर नाही, पण कड रिमवरून उतरलीय आणि हवा धरत नाही.

कमी हवेवर आडवं घासल्यावर होतं. कडेतला चिखल-वाळू पुसा, साबणाचं पाणी लावा, पिन काढून कॉम्प्रेसर लावा म्हणजे हवा जोरात आत जाते. टायरच्या मधोमध गोल पट्टा आवळला तर कडा बाहेर फाकतात. दोनदा ‘टक्’ असा आवाज आला की बसली, मग पिन घाला. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, ते करू नका. वाळलेल्या गवतात तर नाहीच.

१७. स्पीतीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीत गेज हवा जास्त दाखवतं. सोडून द्यायची?

नाही. ४,५५१ मीटरवर बाहेरचा दाब पुण्यापेक्षा साधारण ५ पीएसआयने कमी, तेवढं गेज जास्त दाखवणार. पण थंडीने दर दहा अंशांना सव्वा-दीड पीएसआय उतरतो, त्यामुळे बराच हिशोब तिथल्या तिथे फिटतो. सकाळी गाडी गार असताना मोजा. खिंडीत हवा सोडली तर मनालीत उतरल्यावर ती कमी भरते आणि चेपेची पंक्चरं सुरू होतात.

१८. नव्या गाडीला स्टेपनीच आली नाही. हे चालतं?

कायद्याने चालतं. २०२०च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट दिला असेल तर प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. रानात हा कायदा उपयोगाचा नाही. त्याच मापाची स्टेपनी विकत घेऊन मागे बांधून घ्या.

१९. काहीच साधन नाही. तसंच चालवत नेलं तर?

मागचं चाक असेल तर वजन पुढे घेऊन, चालण्याच्या वेगाने. ट्यूब गेलीच समजा, टायरही जाईल, पण रिम वाचते. टायर आणि रिम एकत्र धरून पाच-सहा ठिकाणी दोरी किंवा झिपटाय आवळले तर कड उतरत नाही. डिस्क आणि कॅलिपरला लागत नाही ना ते फिरवून बघा. आत गवत ठासून भरायचा जुना उपाय चालतो, पण ठासायला तासभर जातो आणि गवत भरपूर लागतं. पुढचं चाक बसलं असेल तर उतारावर चालवू नका, ढकला.

२०. एकटा आहे, रेंज नाही, अंधार पडतोय.

अनोळखी रानात अंधारात चाक उघडू नका. नट हरवला की सकाळीही निघता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर पायी निघू नका, गाडीपाशीच थांबा. कोकणात आणि मावळात पहाटे दुधाची गाडी किंवा पहिली एसटी ज्या फाट्यावरून जाते, तो फाटा गाठणं सर्वांत खात्रीचं. लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. हिमाचलात प्रीपेड चालतं, पण ग्राम्फूपासून काझापर्यंतच्या वाटेवर फोनच्या भरवशावर राहू नका. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला हात करायचा. रेंज कुठल्याही कंपनीची असली तरी ११२ लावून बघा.

२१. टायर फाटला तर विमा देतो का?

नुसता टायर फाटला तर नेहमीची पॉलिसी काही देत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायर-ट्यूबच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत मिळतं. टायरसाठी वेगळं ॲड-ऑन मिळतं, पण त्यात पंक्चर काढण्याचा खर्च आणि रस्ता सोडून चालवल्याने झालेलं नुकसान सहसा वगळलेलं असतं. घेताना तेवढी ओळ वाचा. रोडसाइड असिस्टन्सचंही तसंच, त्यांची व्हॅन येते ती डांबर संपतं तिथपर्यंत.